साखळ्यांच्या टोपलीचे शिल्पकार एड हेड्रिक

कोणत्याही खेळाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा विक्रमवीरांची नावे ठळक अक्षरांत येतात. तो खेळ ज्या साहित्यावर उभा असतो, ते साहित्य घडविणारे हात मात्र बहुधा विस्मृतीत जातात. क्रिकेटच्या यष्टीवरील बेल्सची आजची मापे कोणी ठरविली, हे किती जणांना सांगता येईल? 'डिस्क गोल्फ' हा खेळ या बाबतीत अपवाद ठरला आहे. या खेळातील सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव एखाद्या विजेत्याचे नाही. खांबाला लोखंडी साखळ्या लटकवून त्याखाली जाळीची टोपली बसविणाऱ्या एका संशोधकाचे ते नाव आहे. त्यांचे पूर्ण नाव एडवर्ड अर्ल हेड्रिक. खेळाडूंच्या जगात ते 'स्टेडी एड' म्हणून ओळखले जात.

डिस्क गोल्फची ओळख आपल्याकडे फारशी नाही. नेहमीच्या गोल्फप्रमाणेच हा खेळ खुल्या मैदानात किंवा झाडीने भरलेल्या उद्यानात खेळला जातो. चेंडू आणि काठी यांच्याऐवजी खेळाडूच्या हातात फ्रिस्बीसारखी प्लॅस्टिकची तबकडी असते आणि जमिनीतील खळग्याऐवजी समोर साखळ्यांची टोपली असते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, तबकडी जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत पोहोचवायची, इतका सरळ त्याचा नियम. अनेक मैदानांवर अशा अठरा टोपल्या असतात. आज जगभरात पंधरा हजारांहून अधिक मैदानांवर हा खेळ खेळला जातो. त्यातील जवळपास प्रत्येक मैदानावर उभी असलेली टोपली हेड्रिक यांच्या मूळ कल्पनेचेच कमीअधिक सुधारलेले रूप आहे.

ही टोपली वरवर पाहता अगदी साधी दिसते. मात्र अठरा ठिकाणच्या अठरा टोपल्यांनी एकसारख्या फेकीला एकसारखा न्याय द्यावा, ही अपेक्षा ठेवली की तिची रचना हा एक अवघड प्रश्न होऊन बसतो. हेड्रिक यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

हुला हूपचे उरलेले प्लॅस्टिक

हेड्रिक यांचा जन्म २८ जून १९२४ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातील पासाडेना परिसरात झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी लष्करात सेवा बजावली. युद्धानंतर निरनिराळे व्यवसाय करून पाहिल्यावर, वयाच्या चाळिशीत, १९६४ साली ते सॅन गॅब्रिएल येथील 'व्हॅम-ओ' या खेळणी बनविणाऱ्या कंपनीत दाखल झाले. ही नोकरी मिळावी म्हणून त्यांनी आधी तीन महिने विनावेतन काम करण्याची तयारी दाखविली होती, असे सांगितले जाते. पुढे याच कंपनीत ते संशोधन विभागाचे प्रमुख झाले आणि सरव्यवस्थापक व उपाध्यक्ष या पदांपर्यंत पोहोचले.

रिचर्ड नर आणि आर्थर मेलिन या दोन मित्रांनी १९४८ साली स्थापन केलेली 'व्हॅम-ओ' ही लहरींवर जगणारी कंपनी होती. १९५८ साली तिने बाजारात आणलेल्या हुला हूपने साऱ्या अमेरिकेला वेड लावले. मात्र ते वेड जितक्या वेगाने चढले तितक्याच वेगाने उतरले आणि कंपनीच्या गोदामात प्लॅस्टिकचा मोठा साठा पडून राहिला. त्याआधी १९५७ साली कंपनीने फ्रेड मॉरिसन या संशोधकाकडून उडत्या तबकडीचे हक्क विकत घेतले होते. कनेटिकट राज्यातील 'फ्रिस्बी पाय कंपनी'च्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावत असत. त्यावरून या तबकडीचे नाव 'फ्रिस्बी' पडले. तरीही ती समुद्रकिनाऱ्यावरचे एक गमतीचे खेळणे म्हणूनच विकली जात होती. तिचे उड्डाण लहरी होते. वाऱ्याची एखादी झुळूक आली की ती डगमगे आणि जोरात फेकली की भलतीकडे वळे.

पडून असलेल्या प्लॅस्टिकचे काय करायचे, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. फ्रिस्बीचे उड्डाण भरवशाचे कसे करायचे, हा हेड्रिक यांच्यापुढचा. त्यांनी दोन्हींचे उत्तर एकाच वस्तूत शोधले. तबकडीच्या पाठीवर, कडेच्या आत, त्यांनी एकाच केंद्राभोवती फिरणाऱ्या उंचवट्याच्या बारीक रेषा उमटविल्या. या रेषांमुळे तबकडीच्या पृष्ठभागावरून वाहणाऱ्या हवेचा सलग थर मोडतो आणि उड्डाणातील डगमग कमी होते. या सुधारणेचे पेटंट त्यांना डिसेंबर १९६७ मध्ये मिळाले. पुढे चाहत्यांनी या रेषांना 'हेड्रिकच्या रेषा' असेच नाव दिले. 'प्रोफेशनल' या नावाने विकल्या गेलेल्या त्या फ्रिस्बीमुळे तबकडी हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या वेगाने पोहोचविणे शक्य झाले.

हेड्रिक यांच्या विचाराची दिशा येथेच स्पष्ट होते. खेळण्यात आश्चर्य चालते, पण खेळात खात्री लागते. एकाच हाताने, एकाच जोराने केलेल्या दोन फेकींचे फळ वेगवेगळे येत असेल, तर त्यात कौशल्याची कसोटी कशी लागणार? तबकडी भरवशाची झाल्यावरच तिच्याभोवती स्पर्धा उभी राहू शकत होती. १९६७ सालीच त्यांनी 'इंटरनॅशनल फ्रिस्बी असोसिएशन' स्थापन केली. १९७४ साली पासाडेनाच्या प्रसिद्ध 'रोझ बोल' मैदानावर जागतिक फ्रिस्बी स्पर्धा भरविण्यापर्यंत ही चळवळ जाऊन पोहोचली.

झाड लक्ष्य होते तेव्हा

तबकडीने गोल्फ खेळण्याची कल्पना मात्र हेड्रिक यांची एकट्याची नव्हती. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात ब्लॅडवर्थ या छोट्या गावातील मुले १९२६ सालीच डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून असा खेळ खेळत असत. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातील जॉर्ज सॅपनफील्ड या क्रीडा पर्यवेक्षकाने मुलांसाठी फ्रिस्बी गोल्फचे आयोजन केले. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात १९७० पासून काही तरुण नियमितपणे अशा स्पर्धा खेळत होते. या सगळ्यांनी जे लक्ष्य हाताशी आले ते वापरले. कुठे झाड, कुठे दिव्याचा खांब, कुठे कचऱ्याचे पिंप, तर कुठे जमिनीवर ठेवलेला हुला हूप.

१९७५ साली हेड्रिक यांच्या पुढाकाराने लॉस एंजलिस परगण्यातील ला कन्याडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह उद्यानात डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान तयार झाले. सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशी, 'नासा'च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीला लागून असलेले हे उद्यान आज हाहामोंग्ना या नावाने ओळखले जाते. तेथे लक्ष्य म्हणून जमिनीत साधे खांब रोवलेले होते. तबकडी खांबाला लागली की तो 'होल' पूर्ण झाला, असा नियम होता. मैदान लोकप्रिय झाले आणि त्याबरोबरच वादही सुरू झाले. तबकडी खांबाला खरोखर लागली की नुसती घासून गेली? दुरून पाहणाऱ्याला ती लागल्यासारखी वाटे, तर जवळ उभा असलेला प्रतिस्पर्धी मान हलवी.

गल्ली क्रिकेट खेळलेल्या आपल्या वाचकांना हा वाद वेगळा समजावून सांगायला नको. भिंतीवर विटेच्या तुकड्याने आखलेल्या यष्ट्यांना चेंडू लागला की शेजारून गेला, यावर आजवर किती डाव मोडले असतील! खऱ्या यष्टीवरील बेल पडते, म्हणून तिथे निर्णय होतो. आखलेली रेघ साक्ष देत नाही. ओक ग्रोव्हचा खांबही साक्ष देत नव्हता. शिवाय खांबाला लागलेली तबकडी कितीही जोरात आली असली तरी ती ग्राह्य धरली जाई. त्यामुळे लक्ष्याजवळ फेकीचा वेग सांभाळण्याचे, म्हणजे गोल्फमधील शेवटच्या हलक्या फटक्याचे, कौशल्य या खेळात उरतच नव्हते.

साक्ष देणारी टोपली

हेड्रिक यांना असे लक्ष्य हवे होते की जे तबकडीला थांबवील, धरून ठेवील आणि सर्वांना दिसेल असा पुरावा मागे ठेवील. हे वाटते तितके सोपे नव्हते. चेंडू गोल असतो. तो खळग्यात घरंगळत जातो. तबकडी पातळ आणि कडक कडेची असते, ती आडवी उडते आणि उडताना स्वतःभोवती वेगाने फिरते. तिचा सरळ पुढे जाण्याचा वेग आणि तिची गिरकी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शोषून घ्याव्या लागतात. टणक पृष्ठभागावर ती आपटली तर उसळून परत येते. जाळ्यात अडकवावी तर ती कुठल्या कोनातून आली यावर सारे अवलंबून राहते. शिवाय लक्ष्यावर कोणत्याही दिशेने फेक होऊ शकते, त्यामुळे ते चोहोबाजूंनी एकसारखे असणे आवश्यक असते.

यावर त्यांना सापडलेले उत्तर म्हणजे साखळी. मधोमध एक खांब, त्याच्या वरच्या टोकाला एक गोल कडे, त्या कड्यापासून खाली उतरत खांबाजवळ एकवटणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्याखाली रुंद तोंडाची टोपली. साखळी दोरीसारखी लवचीक असते. मात्र तिला वजन असते आणि तिची प्रत्येक कडी सुटी हलते. तबकडी आदळताच तिचा जोर एका कडीतून दुसऱ्या कडीत, एका साखळीतून शेजारच्या साखळीत वाटला जातो आणि घर्षणात विरून जातो. वेग गमावलेली तबकडी खाली टोपलीत पडते. साखळ्यांचा खणखणाट दूरवर ऐकू जातो आणि टोपलीत पडलेली तबकडी कोणालाही जाऊन पाहता येते. वादाला जागाच उरत नाही. हेड्रिक यांनी या रचनेला 'पोल होल' असे नाव दिले. उडत्या तबकडीला अडकवून धरणारे साधन अशा अर्थाच्या नावाने तिचे अमेरिकी पेटंट क्रमांक ४०३९१८९ त्यांना १९७७ साली मिळाले.

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेव्हा त्यांच्यापुढे काहीसा असाच प्रश्न होता. त्या टोपल्यांना तळ होता आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू काढायला कोणाला तरी वर चढावे लागे. त्याच १८९१ साली स्कॉटलंडमध्ये गोल्फच्या खळग्याचा व्यास सव्वाचार इंच असा कायमचा ठरविण्यात आला. तोपर्यंत कित्येक शतके गोल्फ खेळला जात होता आणि खळग्यांचे आकार मैदानागणिक वेगळे होते. जो टप्पा गाठायला गोल्फला शतके लागली, तो आपल्या खेळाने जन्मतःच गाठावा अशी हेड्रिक यांची धडपड होती.

पगाराची नोकरी सोडून

'व्हॅम-ओ'मध्ये हेड्रिक यांचे स्थान भक्कम होते. कंपनीचा नफा मात्र फ्रिस्बी विकण्यात होता. उद्यानांत लोखंडी टोपल्या बसविण्यात तिला विशेष रस असण्याचे कारण नव्हते. पन्नाशी ओलांडलेल्या हेड्रिक यांनी ती कंपनी सोडली आणि १९७६ साली आपल्या मुलासह 'डिस्क गोल्फ असोसिएशन' ही टोपल्या बनविणारी कंपनी सुरू केली. ज्या खेळाचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नव्हते, त्या खेळाच्या साहित्यावर त्यांनी आपले भवितव्य पणाला लावले. गावोगावच्या उद्यान अधिकाऱ्यांना हा खेळ म्हणजे काय हे समजावून सांगायचे, त्यांच्या मोकळ्या जागेत अठरा टोपल्यांचे मैदान आखून द्यायचे आणि मग टोपल्या विकायच्या, असा हा व्यवसाय होता.

त्याच वर्षी त्यांनी खेळाडूंची 'प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन' म्हणजे 'पीडीजीए' स्थापन केली. त्यांचा स्वतःचा सदस्यत्व क्रमांक होता एक. पुढे ही संख्या दोन लाखांच्या पलीकडे गेली. १९७९ साली कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे 'व्हॅम-ओ'च्या पाठबळाने पन्नास हजार डॉलरच्या बक्षिसांची स्पर्धा झाली आणि या खेळाकडे वृत्तपत्रांचे लक्ष वेधले गेले.

मात्र यात एक अडचण दडलेली होती. टोपल्या विकणारा आणि खेळाचे नियम ठरविणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या हेतूंविषयी आज ना उद्या शंका घेतली जाणारच. १९८० च्या दशकाच्या आरंभी हेड्रिक यांनी 'पीडीजीए'चा कारभार खेळाडूंच्या हाती सोपविला. आपण जन्माला घातलेल्या संस्थेवरील नियंत्रण सोडणे कोणालाही सोपे नसते. पुढच्या काळात तर हीच संस्था त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या टोपल्यांचीही तपासणी करणार होती. टोपलीने निःपक्ष असावे असा आग्रह धरणाऱ्या माणसाने नियम करणारी संस्थाही आपल्यापासून वेगळी केली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात महत्त्वाची मानावी लागेल.

तबकडी बदलली, टोपली मागे पडली

पहिली टोपली तयार झाली ती त्या काळातील जाडसर, मऊ कडेच्या फ्रिस्बीसाठी. साखळ्यांचे एकच वर्तुळ तिला पुरेसे होते. १९८३ साली डेव्ह डनिपेस यांनी निमुळत्या, तिरप्या कडेची तबकडी आणली आणि सारे गणित बदलले. ही तबकडी हवेला कापत जाई, अधिक दूर जाई आणि अधिक वेगाने येई. तिची धार दोन साखळ्यांमधल्या फटीतून सहज आत शिरे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडे. उत्तम फेक केलेला खेळाडू डोळ्यांसमोर तबकडी आरपार जाताना पाहून हतबुद्ध होई.

हेड्रिक यांनी टोपलीची नवनवी प्रारूपे काढली. ध्वनीच्या वेगाशी नाते सांगणाऱ्या 'माक' या शब्दापुढे क्रमांक लावून ती ओळखली जातात. साखळ्यांची संख्या वाढली आणि बाहेरच्या वर्तुळाच्या आत आणखी एक वर्तुळ आले. बाहेरच्या साखळ्यांनी वेग कमी करायचा आणि आतल्यांनी खांबावर आदळून उसळण्यापासून तबकडीला रोखायचे, अशी ही विभागणी. आज बाजारात असलेल्या बहुतेक दर्जेदार टोपल्यांमध्ये साखळ्यांचे असे किमान दोन थर आढळतात.

तरीही प्रश्न पूर्ण सुटला नाही, कारण त्याच्या मुळाशी तबकडीची गिरकी आहे. उजव्या हाताने, नेहमीच्या पद्धतीने फेकलेली तबकडी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती साखळ्यांना भिडताच तिची पुढची कड उजवीकडे घासते आणि त्याच्या प्रतिक्रियेने तबकडी डावीकडे ढकलली जाते. म्हणून खांबाच्या उजव्या अंगाला लागलेली तबकडी गिरकीमुळे खांबाकडे, म्हणजे आत ओढली जाते. डाव्या अंगाला लागलेली तबकडी मात्र साखळ्यांवरून घरंगळत बाहेर पडण्याचा धोका असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांना खांबाच्या किंचित उजवीकडे नेम धरण्याचा सल्ला दिला जातो तो याचमुळे. टोपली चोहोबाजूंनी सारखी असली तरी तबकडी तिच्याशी सारखी वागत नाही.

त्यात साखळ्यांचे वजन आणि ताण यांची भर पडते. साखळी जड आणि ताणलेली असेल तर ती भिंतीसारखी वागते आणि हलकी फेक परत उसळते. साखळी हलकी आणि सैल असेल तर जोरदार फेक तिला बाजूला सारून निघून जाते. एका टोपलीला संथ फेक मानवते, तर दुसरीला वेगवान. मैदानावरच्या अठरा टोपल्या एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी आल्या असल्या तरी पाऊस, ऊन आणि गंज यांचा परिणाम प्रत्येकीवर वेगळा होतो. एखाद्या टोपलीची एखादी साखळी तुटते, एखादीचा अडकविण्याचा आकडा वाकतो, एखादीचे वरचे कडे कोणी लोंबकळल्याने तिरके होते. पहिल्या टोपलीने धरलेली फेक नवव्या टोपलीने बाहेर टाकली, तर खेळाडूने दोष कोणाला द्यायचा?

किती धरावे, किती सोडावे

टोपलीने प्रत्येक तबकडी धरावी, असे वरवर पाहता वाटते. पण तसे झाले तर खेळाचे काय होईल? जिच्यावर जे काही आदळेल ते अडकून राहते अशी टोपली चुकलेल्या फेकीलाही बक्षीस देईल आणि नेमबाज व धांदरट यांच्यातील फरक पुसून टाकील. ओक ग्रोव्हच्या साध्या खांबातील दोष वेगळ्या वाटेने परत येईल. कॅरमच्या बोर्डाची छिद्रे मोठी केली तर सोंगट्या झटपट जातील, पण खेळाची गोडी निघून जाईल, तसाच हा प्रकार. त्यामुळे टोपलीने चांगली फेक धरावी आणि वाईट फेक सोडावी, अशी दुहेरी अपेक्षा असते. चांगली आणि वाईट यांच्यातील सीमारेषा नेमकी कुठे, यावर खेळाडूंमध्ये आजही एकमत नाही.

हेड्रिक यांच्या पेटंटची मुदत नव्वदच्या दशकात संपली आणि अनेक कंपन्या टोपल्या बनवू लागल्या. प्रत्येकीची साखळ्यांची संख्या, मांडणी आणि टोपलीचा आकार थोडा वेगळा. साखळ्यांचा न्याय कंपनीगणिक बदलू लागला. याला आवर घालण्यासाठी 'पीडीजीए'ने टोपल्यांच्या उंचीची, व्यासाची आणि साखळ्यांच्या रचनेची मानके ठरविली. तपासणीत उतरलेल्या टोपल्यांना साधी, प्रमाणित आणि अजिंक्यपद दर्जाची अशा तीन श्रेणींत मान्यता दिली जाते. वरच्या श्रेणीच्या स्पर्धांना वरच्या दर्जाची टोपली लागते.

नियमांनीही काही कोडी सोडविली. तबकडी टोपलीच्या वरच्या छतावर जाऊन बसली तर ती ग्राह्य धरली जात नाही. खालच्या जाळीतून बाहेरून घुसून अडकलेली तबकडीही धरली जात नाही. टोपलीच्या काठाच्या वरून आणि साखळ्या लटकविलेल्या कड्याच्या खालून ती आत आली पाहिजे आणि टोपलीत किंवा साखळ्यांत स्थिरावली पाहिजे. लक्ष्यापासून दहा मीटरच्या आत फेक करताना तबकडी सोडल्यावर खेळाडूने तोल सांभाळून आपल्या खुणेच्या मागेच राहावे लागते. सामन्याचा निकाल पुष्कळदा याच दहा मीटरांत लागतो आणि टोपलीच्या गुणदोषांचा हिशेबही इथेच होतो.

साखळ्या एखादी अचूक वाटणारी तबकडी बाहेर टाकतात, तेव्हा इंग्रजीभाषक खेळाडू टोपली थुंकली असे म्हणतात. नशिबाचा हा अंश खेळातून कायमचा हद्दपार करणे कोणालाही जमलेले नाही. हेड्रिक यांनी आणि त्यांच्यानंतरच्या कारागिरांनी तो कमी करीत आणला, एवढेच म्हणता येईल.

अखेरची फेक

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हेड्रिक स्पर्धांना हजेरी लावीत. २००२ च्या जुलै महिन्यात मायामी येथे एका डिस्क गोल्फ स्पर्धेसाठी गेले असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १२ ऑगस्ट २००२ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ला सेल्वा बीच येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. आपली रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या कराव्यात, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. फ्रिस्बी खेळणाऱ्या माणसाचा आत्मा मृत्यूनंतर छपरावर जाऊन अडकतो, असा विनोद ते नेहमी करीत. त्यांच्या इच्छेप्रमाणे तशा तबकड्या तयार झाल्या आणि कुटुंबीय व मित्रांना देण्यात आल्या. ऐकणाऱ्याला ही कल्पना विचित्र वाटेल. पण ज्या वस्तूला भरवशाचे उड्डाण देण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तिच्यातच विलीन होण्याची ओढ त्यांना वाटली यात नवल नाही.

जॉर्जिया राज्यातील ॲपलिंग येथे २००७ साली सुरू झालेल्या 'पीडीजीए'च्या आंतरराष्ट्रीय केंद्रातील संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. १९९३ साली डिस्क गोल्फच्या सन्माननीयांच्या यादीत त्यांचा समावेश झाला होता.

त्यांच्या पश्चात या खेळाचे मोठेपण सर्वांत ठळकपणे दिसले ते जून २०२१ मध्ये. युटा राज्यातील ऑग्डन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी सुरू होती. शेवटच्या होलवर जेम्स कॉनराड हे पॉल मॅकबेथ यांच्यापेक्षा एका फेकीने मागे होते. बरोबरी साधायची तर २४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ७५ मीटरवरून, तबकडी थेट टोपलीत जाणे भाग होते. ती गेली. साखळ्या खणखणल्या आणि मैदानात जल्लोष उसळला. त्यानंतर जादा होल खेळला गेला आणि कॉनराड विजेते ठरले. त्या फेकीचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले.

त्या क्षणी खेळाडूचे कौशल्य निर्विवाद होते. मात्र साखळ्यांनी ती तबकडी बाहेर टाकली असती, तर अजिंक्यपद दुसऱ्याकडे गेले असते आणि तिच्याविषयी आज कोणी बोलतही नसते. ओक ग्रोव्हच्या उघड्या खांबापुढे उभे राहून तबकडी लागली की नाही यावर भांडणाऱ्यांना साक्षीदार मिळवून द्यायचा, एवढ्याच हेतूने एका माणसाने साखळ्या लटकविल्या होत्या. पंचेचाळीस वर्षांनंतर जगज्जेतेपदाचा निवाडाही त्याच साखळ्यांवर सोपविला गेला आणि त्यावर कोणाचाही आक्षेप आला नाही.